पान्हा फुटायच्या आधी मन एकदम खचतं, असं कुणाला झालंय का?

रानजाई

बाळंतपणाला माहेरी आलेय, मिरजेजवळच्या गावात. मुलगी दुसऱ्या महिन्यात आहे. वजन छान वाढतंय, नीट धरते, पोटभर पिते. तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही.

तिला पाजायला घेतलं की सुरुवातीला ती नुसतीच चोखत राहते, मग दूध उतरतं. त्या मधल्या वेळात माझ्या पोटात खड्डा पडतो. फोनवर कुणी गेल्याची बातमी येणार आहे आणि ती मला आधीच कळलीय, असं वाटतं. समोरचं ताट नकोसं होतं, माणसं नकोशी होतात, तिच्याकडेही बघवत नाही. मग छातीत मुंग्या येतात, दूध सुटतं, ती गटागट प्यायला लागते आणि थोड्याच वेळात ते सगळं ओसरून जातं. पुढे ती पीत असेपर्यंत मी अगदी मजेत असते, तिच्या जावळातून हात फिरवत गाणी म्हणते. मध्येच पुन्हा पान्हा आला की पुन्हा तोच खड्डा.

आई म्हणते, ओली बाळंतीण आहेस, नजर लागली असेल. मीठमोहऱ्या उतरवून झाल्या. सासूबाई फोनवर म्हणाल्या, पाजताना मनात वाईट विचार आणू नयेत, दुधातून बाळाला लागतात. तेव्हापासून पाजायची वेळ झाली की धास्तीच बसते. पण मी विचार आणत नाही हो. ते येतं तेव्हा माझ्या मनात काहीच चाललेलं नसतं, कधी कधी तर मी आईशी हसत बोलत असते.

एक गोष्ट लक्षात आली म्हणून विचारतेय. परवा मुलगी आत झोपली होती, मी अंगणात होते. शेजारचं बाळ रडलं आणि माझा ब्लाऊज भिजला. भिजायच्या जरा आधी तोच खड्डा! पंपाने दूध काढतानाही तसंच होतं. मुलगी जवळ नसताना होतं, म्हणजे ते तिच्यामुळे कसं असेल? डॉक्टरांना विचारलं तर ‘बाळंतपणात रडू येतंच’ एवढंच म्हणाल्या.

शिवाय पाजायला बसलं की घशाला अशी कोरड पडते की तांब्या जवळ नसेल तर जीव कासावीस होतो. तेही याच्यातलंच का?

ओवी

रानजाई, थोरल्याच्या वेळी मला हेच व्हायचं. ‘घरी जायचंय’ असं वाटायचं आणि मी घरातच बसलेली असायचे. कुणाला सांगायची सोय नव्हती.

याला नाव आहे: डिस्फोरिक मिल्क इजेक्शन रिफ्लेक्स, थोडक्यात डी-एमईआर. अमेरिकेतल्या आलिया मॅक्रिना हाइझ या स्तनपान सल्लागार आहेत. त्यांनी २००७ मध्ये याबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली आणि २०११ मध्ये डायन विसिंजर यांच्याबरोबर एका आईची सविस्तर केस वैद्यकीय नियतकालिकात छापली. इतकं अलीकडचं आहे, म्हणून पुष्कळ डॉक्टरांच्याही कानावर आलेलं नसतं.

मला समजलं ते असं. दूध तयार व्हायला प्रोलॅक्टिन हे संप्रेरक लागतं, आणि एरवी मेंदूतलं डोपामिन हे रसायन त्याला दाबून ठेवतं. पान्हा फुटायच्या सुमारास डोपामिन खाली येतं, म्हणजे प्रोलॅक्टिनला वर यायला वाट मिळते. बहुतेकींना याचा पत्ताही लागत नाही. आपल्यासारख्या काहींना डोपामिनची ती घसरण मनाला जाणवते, असं मानतात. म्हणूनच ते दूध यायच्या आधी येतं आणि दूध सुरू झालं की जातं. समोर बाळ असो, पंप असो की शेजारचं रडणं असो, पान्हा तोच. तुम्ही ते अंगणातलं बरोबर टिपलंत. तुमच्या मायेचा, विचारांचा इथे काही संबंध नाही.

नाव कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. खड्डा पडायला लागला की मी मोठ्याने म्हणायचे, ‘आलं, आता जाईल.’ गार पाण्याचे घोट घ्यायचे. नणंद जवळ असली तर तिला काहीतरी बोलत राहायला सांगायचे. उपास आणि जागरण झालं की जास्त व्हायचं. मुलाच्या उष्टावणापर्यंत ते कमी होत होत थांबलं. सगळ्यांचं इतक्या लवकर थांबतं असं नाही, पण पहिले काही आठवडे सर्वांत कठीण असतात.

माजघर

मला मनाचं असं कधी झालं नाही, पण तहानेचं सांगते. ती पान्ह्याबरोबरच येते. आमच्याकडे बाळंतिणीला पाजायला बसवायच्या आधी तांब्या-भांडं हाताशी ठेवायची पद्धत होती ती उगाच नाही.

धाकटीच्या वेळी मला आणखी एक धक्का बसला होता. पहिल्या आठवड्यात ती प्यायला लागली की ओटीपोटात अशा कळा यायच्या की उशी दातात धरायचे. पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरकच गर्भाशयाला आवळतं, म्हणून. पहिलटकरणीला फारसं कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जोरात होतं. आठवडाभरात गेलं. आधी कुणी सांगितलं असतं तर मी घाबरले नसते, म्हणून ज्यांची दुसरी खेप आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतेय.

शुभ्रकमळ

मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. रानजाई, तुमचं वर्णन डी-एमईआरशी जुळतं, पण आमच्या वॉर्डात आम्ही जे विचारतो ते विचारते. दोन पाजण्यांच्या मध्ये कशा असता? बाळ झोपल्यावर झोप लागते का? जेवण जातं का? उदासी दिवसभर राहत असेल, दोन आठवड्यांच्या वर टिकली असेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर चांगले उपचार आहेत आणि अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही आहेत. दोन्ही एकाच बाईला एकदम असू शकतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली तर उद्यावर ढकलू नका, घरच्यांना सांगून त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

दूध वाढवायला कुणी गोळ्या दिल्या आहेत का? मेटोक्लोप्रामाइड कधी कधी त्यासाठी देतात. ती डोपामिनच्याच वाटेत आडवी येते आणि उदासी हा तिचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि दूध सुरू झाल्यावरही शेवटपर्यंत चीड येत राहिली, बाळाला ओढून बाजूला करावंसं वाटलं, तर ते वेगळं. गरोदरपणी मोठ्या मुलाला पाजणाऱ्या आयांना ते बरेचदा होतं. त्याबद्दलही बोलायला लाजू नये.

रानजाई

मी रडतेय, पण बरं वाटून. गोळ्या कुठल्याच नाहीत, शतावरी कल्प आणि अळिवाची खीर एवढंच. मधल्या वेळात मी ठीक असते, झोप मिळेल तेवढी लागते, भूक तर भरपूर आहे. आईला सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, तुझ्या वेळी मलाही पाजताना उगाच भरून यायचं.

सासूबाईंना मात्र कसं सांगू? हे इंग्रजी नाव त्यांना पटणार नाही.

ओवी

नाव सांगूच नका. पान्हा येताना कुणाला कळ येते, कुणाला तहान लागते, तुम्हाला घाबरायला होतं, एवढंच सांगा. त्यांना काम द्या: ‘मी पाजायला बसले की पाणी आणून द्या आणि माझ्याशी बोलत बसा.’

रानजाई

हे जमेल. मुलीच्या अडीच महिन्यांच्या लसीला त्याच दवाखान्यात जायचंय. तोवर रोज किती वेळा होतं, किती टिकतं ते लिहून ठेवते आणि या वेळी डॉक्टरांसमोर वहीच ठेवते.