"समजलं का?" विचारलं की सगळे मान डोलावतात

प्रश्न:
कॉलेजात शिकवायला लागल्यापासूनचं हे माझं दुसरं सेमिस्टर. पहिल्या वर्षाला स्टॅटिस्टिक्स शिकवते, वर्गात ६० मुलं. परवा स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) शिकवलं, "समजलं का?" विचारलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. टेस्टमध्ये निम्म्यांनी सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग (स्क्वेअर) केलेच नाहीत. नुसती बेरीज केली, शून्य आलं, तेच उत्तर म्हणून लिहिलं. कुणालाच खटकलं नाही! वर्गात बोलतात ती पुढच्या बाकावरची तीन-चार मुलं. शिवाय असाइनमेंट उशिरा येतात. एकाला सूट दिली तर दुसऱ्याला नाही कसं म्हणू?

उत्तर १:
"समजलं का?" विचारणं आधी सोडा. मी भौतिकशास्त्र शिकवतो, पहिली दहा वर्षं हेच विचारत होतो. न समजलेला मुलगा सगळ्यांदेखत "नाही" म्हणेल कसा?

त्यापेक्षा फळ्यावर २, ४, ९ लिहा. सरासरी ५. फरक उणे ३, उणे १, अधिक ४. बेरीज शून्य. मग विचारा, "या आकड्यांत काहीच विखुरलेपण नाही का?" दोन मिनिटं प्रत्येकाने वहीत लिहायचं, बोलायचं नाही. मग शेजाऱ्याला दाखवायचं. हात वर करायला सांगायचं ते त्यानंतर. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत, आणि मोठ्या वर्गातही ती चालते, कारण कागदावर काहीतरी असलं की बोलायला धीर येतो.

आणि विचारल्यावर थांबा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांची रेकॉर्डिंग तपासली, तर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आली, गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मी मनात पाचपर्यंत मोजतो. पहिले काही दिवस ती शांतता अंगावर येते, पण मोजत राहा.

उत्तर २:
असाइनमेंटबद्दल: माझ्याकडे प्रत्येकाला सेमिस्टरमध्ये दोनदा ४८ तासांची मुभा असते. कारण विचारत नाही. नियम पहिल्याच तासाला लेखी देते. एकदा एक मुलगी घरच्या आजारपणाचे कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली, हात थरथरत होते. त्या दिवशीच हे ठरवलं.

प्रश्नकर्ती:
आज २, ४, ९ करून पाहिलं. मागच्या बाकावरच्या, आजवर एकदाही न बोललेल्या मुलीने हात वर केला: "मॅडम, उणे-अधिक एकमेकांना खाऊन टाकतायत. वर्ग केले की उणे उरतच नाही." मी खडू तिच्या हातात दिला.