चटणी-सोका: त्रिनिदादमध्ये संगीताची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली का?

प्रश्न

कॅरिबियनमधील त्रिनिदादचे चटणी-सोका (तिथल्या भारतीयांची गाणी आणि ‘सोका’ हे तिथले नाचाचे संगीत यांचा मेळ) मी अलीकडे आवडीने ऐकतो आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १,४३,००० भारतीय मजूर करारावर तेथे गेले आणि ऊसमळ्यांत राबले. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज तेथे आधीपासून होतेच. भोजपुरी गाण्यांनी कार्निव्हलची लय उचलली, हे कानाला लगेच जाणवते. पण भारतीयांकडूनही पलीकडे काही गेले का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

गेले, आणि तेही अगदी मुळाशी. लॉर्ड शॉर्टी (मूळ नाव गारफिल्ड ब्लॅकमन) हे आफ्रिकी वंशाचे कॅलिप्सो (सोकाच्या आधीपासूनचा त्रिनिदादचा लोकगायनप्रकार) गायक दक्षिण त्रिनिदादमधील लेंगुआचे. आजूबाजूची वस्ती भारतीयांची असल्यामुळे ढोलक आणि धनताल त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत होते. धनताल म्हणजे पोलादाची लांब सळई: एका हातातल्या नालाच्या आकाराच्या तुकड्याने ती वाजवायची आणि दुसऱ्या हाताची मूठ आवळून-सैल करून नाद दाबायचा किंवा मोकळा सोडायचा. १९७३ च्या ‘इंद्राणी’ या गाण्यात शॉर्टींनी ही वाद्ये उघडपणे वापरली, तेव्हा कॅलिप्सो बिघडवल्याचा ठपका त्यांच्यावर आला. मग त्यांनी वाद्ये काढून घेतली, पण ठेका सोडला नाही. तो ड्रमसेट आणि गिटार यांच्याकडे सोपवला. सोका घडले ते या वाटेने, म्हणून चटणी-सोकामध्ये भारतीयांनी उचललेल्या लयीत त्यांचा स्वतःचा अंशही होता, असे मी ठामपणे म्हणेन.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाला ताशाची जोड द्यायला हवी. पुण्याच्या मिरवणुकांत दिसणारा ताशा धातूचा असतो; त्रिनिदादचा पारंपरिक ताशा मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे मढवून करतात आणि वाजवण्याआधी विस्तवाजवळ धरून शेकतात, म्हणजे कातडे ताणले जाऊन आवाज चढतो. मोहरमच्या ‘होसे’ मिरवणुकीत मुसलमानांबरोबर हिंदू आणि आफ्रिकी वंशाचे लोकही पूर्वापार सामील होत आले आहेत. आज लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या तालांत तिकोरा, नगारा, चौबोला यांच्या जोडीला डिंगोले हा आफ्रिकी वळणाचा ताल आणि स्टीलबँडचेही (पोलादी पिंपांच्या वाद्यवृंदाचे) ताल आहेत. एकाच वादकाच्या हातात दोन्ही वारसे असे नांदतात, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद ३

स्टीलपॅन विसरून चालणार नाही. तेलाच्या पिंपांपासून हे वाद्य घडवले ते पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतील, प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या तरुणांनी; आणि रेनिगेड्स या वाद्यवृंदाला पॅनोरमा या स्टीलबँडच्या स्पर्धेची नऊ विजेतेपदे मिळवून दिली ती भारतीय वंशाच्या जित सामरू यांच्या संगीतसंयोजनाने.

मात्र हे सारे गुण्यागोविंदाने झाले, असे कृपया समजू नये. द्रौपती रामगुनाई यांनी १९८७ मध्ये ‘चटणी सोका’ हे गाणे आणले, त्या सुमारास भारतीय वंशाच्या स्त्रीने कॅलिप्सोच्या मंचावर गावे हे अनेक सनातनी हिंदूंना रुचले नव्हते. शॉर्टींना एका बाजूने विरोध झाला, द्रौपतींना दुसऱ्या. राजकीय पक्षही बव्हंशी वंशानुसार विभागलेल्या त्या देशात या दोघांनी जे धाडस केले, ते केवळ संगीतातला प्रयोग म्हणून मोजणे मला अपुरे वाटते. प्रश्नकर्त्यांनी या दोघांची त्या काळातली गाणी पाठोपाठ ऐकावीत आणि केवळ खालच्या ठेक्यावर लक्ष ठेवावे.