विषय: कॅसलनॉकला घर घ्यावं का? (डब्लिन १५)

नमस्कार मंडळी,

गणपतीत बऱ्याच जणांशी यावर अर्धवट बोलणं झालं, प्रसादाच्या रांगेत काय बोलणार, म्हणून इथेच विचारतो. आम्ही सध्या डब्लिन शहरातल्या डॉक्सजवळ (जुन्या बंदराचा भाग) भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आहोत, ऑफिस पायी, सगळं हाताशी. पण लेक आता शाळेच्या वयाची होतेय आणि बायकोला जमिनीवरचं घर हवंय, मागे अंगण असलेलं. कॅसलनॉकला एक सेमी-डिटॅच्ड पाहिलं. रस्ता असा की फोटो आईला पाठवले तर ती म्हणाली, महाबळेश्वरला घेताय का घर? एजंट नुसतं 'लीफी, मॅच्युअर एरिया' एवढंच घोकतोय. तिथे रोजचं राहणं कसं असतं ते कुणी सांगेल का? किमतीचं सांगू नका, ते बघून रडून झालंय.

— डॉक्सवाला

---

अरे डॉक्सवाल्या,

आम्ही तिथेच राहतो म्हणून सांगते. आधी एक काम कर, डिसेंबरात संध्याकाळी पाचला त्या रस्त्यावरून पायी चालून बघ. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा कॅसलनॉक कुणालाही आवडतं. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य गेला की मग झाडांच्या फांद्यांमुळे दिव्याचा उजेड फूटपाथपर्यंत धड येत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळ्यांचे पडदे ओढलेले. ते बघून तुझ्या बायकोला बरं वाटलं तर बाकी सगळं जमेल.

फिनिक्स पार्क मात्र खरंच वरदान आहे. ७०७ हेक्टर, आणि कॅसलनॉक गेटमधून शिरलं की चेस्टरफील्ड अ‍ॅव्हेन्यू सरळ शहराच्या बाजूला जातो, दोन्हीकडे झाडं, दिवे अजून गॅसचे. सायकलने ऑफिसला जाणारे सगळे तिथूनच जातात. हरणं सतराव्या शतकात शिकारीसाठी आणलेली, त्यांचाच कळप अजून फिरतोय. त्यांना खायला घालू नका असं जागोजागी लिहिलेलं असूनही रविवारी कुणीतरी गाजरं घेऊन येतंच आणि वर पोराला फोटोसाठी पुढे ढकलतं. (आपलेही असतात त्यात, नावं घेत नाही.) पन्नास मीटर लांब राहायचं असा नियम आहे, आणि ऑक्टोबरात नर माजावर असतात तेव्हा तर अजिबात जवळ जायचं नाही. तुझ्या मिस्टरांना क्रिकेट हवं असेल, सॉरी तुलाच हवं असेल तर पार्कमध्ये फिनिक्स क्रिकेट क्लब आहे, १८३० पासूनचा.

आता झाडांचं. एप्रिलमध्ये चेरी फुलते तेव्हा सगळे स्टेटस टाकतात, नोव्हेंबरचं कुणी टाकत नाही. चेस्टनट आणि सिकॅमोरची पानं एवढी मोठी की दोन दिवस पाऊस झाला की त्यांचा चिकट लगदा होतो, गटाराची जाळी तुंबते आणि कोपऱ्यावर तळं. आमच्या रस्त्यावर एक ऐंशीच्या पुढचे आजोबा आहेत, ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून लोखंडी पंजाने ती जाळी मोकळी करतात, मग पाणी भसकन आत जातं आणि ते हात वर करतात. ते बाहेर आले की आम्हाला पण लाजेखातर जावंच लागतं. आमची सगळ्यांची ओळख अशीच झाली, चहाला बोलावून नाही. इथे कुणी आपणहून दार वाजवत नाही, पण कुंपणाशी उभं राहून हवेवर अर्धा तास बोलतात, आणि त्याच्यातच प्लंबर कुठला चांगला, शाळेत कधी अर्ज भरायचा, सगळं कळतं.

शाळेवरून आठवलं, देशातल्या दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत. २०१८ च्या कायद्यानंतर त्यांना प्रवेशात धर्म बघता येत नाही, तेव्हा आपल्याला अडवणार नाहीत, पण सेकंड क्लासमध्ये कम्युनियनची (कॅथलिक मुलांचा धार्मिक विधी) तयारी वर्गातच चालते आणि आपलं मूल मागे बसून चित्रं रंगवतं. चालत असेल तर ठीक, नाहीतर एज्युकेट टुगेदरची, म्हणजे कुठल्याही एका धर्माची नसलेली शाळा बघ, जवळच आहे, रांग मोठी असते.

घर सत्तर-ऐंशीतलं असेल तर बीईआर (घराला किती ऊर्जा लागते त्याचा ग्रेड) नीट वाच. खालचा ग्रेड असेल तर हिवाळ्यात गॅसचं बिल बघून तू स्वेटर घालून झोपशील. एसईएआय या सरकारी ऊर्जा संस्थेची ग्रँट मिळते पण काम करून घ्यायला माणूस मिळेपर्यंत लेकीची कम्युनियन, सॉरी मुंज होईल.

— कॅसलनॉकची ताई

---

ताईंनी छान लिहिलंय, पण ट्रेनचं गाळलं. कॅसलनॉक स्टेशन रॉयल कॅनॉलच्या काठाला, बघायला चित्रासारखं, पण सकाळची गाडी मेनूथ, लीक्सलिपकडून भरूनच येते. पुढे कूलमाइनचं फाटक, ते पडलं की गाड्यांची रांग. डार्ट प्लस वेस्टला, म्हणजे या मार्गावर विजेच्या जास्त गाड्या आणायच्या प्रकल्पाला, २०२४ मध्ये रेल्वे ऑर्डर (मंजुरी) मिळाली, फाटकं बंद होणार, तोवर ३७ नंबरची बस नाहीतर सायकल.

दुसरं जरा स्पष्ट बोलतो. २०२५ च्या उन्हाळ्यात टाला उपनगरात आपल्या माणसाला मारहाण झाली, पाठोपाठ इतरही प्रकार झाले, ऑगस्टमध्ये वकिलातीने अवेळी निर्जन जागी जाऊ नका अशी सूचना काढली आणि फिनिक्स पार्कातला इंडिया डे आयोजकांनी पुढे ढकलला. निर्जन म्हणजे काय, तर संध्याकाळी सहानंतरचा कुठलाही पानाफुलांचा रस्ता की. आमच्या लुकनला हिरवळ कमी असेल, पण बसमधून उतरलं की चार ओळखीचे चेहरे असतात आणि कोपऱ्यावर कढीपत्ता मिळतो. घाबरवत नाहीये, पण घर बघताना बसस्टॉप ते दार हे अंतर रात्री चालून बघा.

आणि आता जे कुणी बोलत नाही ते. ही झाडी टिकते कशी, तर कुणी अपार्टमेंट बांधायचं म्हटलं की पिवळी-पांढरी नोटीस लागते, पाच आठवड्यांत २० युरो भरून कुणीही ऑब्जेक्शन टाकू शकतं, आणि अख्खा रस्ता टाकतो. 'परिसराचं स्वरूप बिघडेल.' मग घरं बांधली जात नाहीत, मग आपली पोरं भाड्याच्या खोल्यांत. डब्लिन वेस्ट म्हणजे लिओ वराडकरांचा मतदारसंघ होता, कॅसलनॉक त्यातच. मालवणच्या वराड गावातल्या डॉक्टरांचा मुलगा पंतप्रधान झालेला तिथल्या लोकांना चालला, शेजारी चार मजले चालत नाहीत. आणि हल्ली आपलेच लोक सह्या करतात, ते जास्त टोचतं.

— लुकनवाले काका

---

काका, टोमणा पोचला. मी सही केलीय आणि परतही करेन. त्या प्लॉटवरचे बीचचे जुने वृक्ष पाडून पार्किंग करणार होते, शाळेला एक वर्ग वाढवायची तयारी नाही, ट्रेनचं तर तुम्हीच लिहिलंत. आधी गाडी वाढवा, मग माणसं आणा. आम्ही इथे हप्ता भरतोय तो झाडांसाठीच ना? वीस वर्षं भाडी भरून घेतलंय, ऐऱ्यागैऱ्या बिल्डरला कसं देऊ?

आणि झाडं नुसती शोभेची नाहीत. जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात देशभरात सात लाखांवर घरांची वीज गेली, आमच्याकडे एक मोठी फांदी समोरच्यांच्या गाडीवर आली. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून करवतीने कापली. असले धोके पत्करूनच राहतो आम्ही.

— ताई

---

ताई, 'आधी गाडी वाढवा, मग माणसं आणा' हेच दादरला आपल्याकडे उलट दिशेने ऐकलंय, तेव्हा आपण बाहेरचे नव्हतो एवढाच फरक. तुमची फांदी कबूल. पण ऑब्जेक्शनमध्ये 'झाडं वाचवून तीन मजले बांधा' असं लिहिता येतं, त्यालाही २० युरोच लागतात.

— काका

---

दोघांना दंडवत. बायकोला सगळं वाचून दाखवलं, तिला रबरी बूटवाले आजोबा आवडले, मला काकांचा बसस्टॉप पटला. तर शुक्रवारी ऑफिसनंतर ३७ ने उतरून त्या घरापर्यंत चालत जाणार आहोत, लेकीला घेऊन. ताई, तुमच्याकडे त्या वेळी चहा मिळेल का, की कुंपणाशीच उभं राहायचं? आणि त्या घराच्या मागे एक्स्टेन्शन करायचं झालं तर चाळीस स्क्वेअर मीटरपर्यंत परवानगी लागत नाही असं एजंट म्हणाला, ते खरं आहे का, कुणी केलंय का? बाजूचे ऑब्जेक्शन टाकतील का, तेही सांगा.

— डॉक्सवाला