मदत हवी: रक्तासाठी आलेला मेल खरा की खोटा, कसं बघायचं? (आज रात्रीच्या आत)

खानापूरची_लेक, संध्या. ६.१०
लवकर कुणीतरी सांगा. आप्पांना तो मेल आलाय आणि रात्री जेवण झालं की सगळ्यांना पाठवणार म्हणून बसलेत. मला खोटा वाटतोय, पण सिद्ध कसं करायचं कळेना. 'खरा असला तर?' असं विचारतात आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. काय बघायचं, कुठं बघायचं ते सरळ सांगा.

टिळकवाडी_जुना, ६.२२
कुठला मेल ओ ताई? 'तो मेल' म्हटल्यावर आम्हाला काय कळणार? मजकूर टाका.

निपाणीकर, ६.२५
मेसेजच्या वर दोन बाण दिसतात का बघा. दोन बाण म्हणजे पाच किंवा जास्त हातांतून आलेला. एप्रिल २०२० पासून असला मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी एकालाच पुढं ढकलता येतो. दोन बाण दिसले की पुसून टाकायचा, विषय संपला.

खानापूरची_लेक, ६.३१
व्हॉट्सअ‍ॅप नाही हो, ई-मेल! आप्पा मिलिटरीतून रिटायर झालेत. त्यांच्या जुन्या युनिटच्या लोकांची ऐंशी पत्त्यांची यादी आहे, सगळं मेलवरच चालतं.

मजकूर: सहा वर्षांचा मुलगा, हृदयाचं ऑपरेशन, बेळगावात एका मोठ्या दवाखान्यात आहे, ओ निगेटिव्ह रक्त 'उद्या सकाळपर्यंत' हवं. खाली मोबाईल नंबर आणि नळ्या लावलेल्या मुलाचा फोटो. शेवटी 'हा मेल जितक्यांना जाईल तितके ५० पैसे कंपनी उपचाराला देणार'.

टिळकवाडी_जुना, ६.४०
शेवटची ओळ खोटी, हे डोळे झाकून सांगतो. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातो. तुमच्या आप्पांनी कुणाला पाठवला आणि त्यानं पुढं कितींना, हे मोजणारं मध्ये कुणी बसलेलं नसतं. मोजताच येत नाही तर पैसे कसले देणार?

मी स्वतः २००२ साली फसलोय. जेडीबीजीएमजीआर (jdbgmgr) नावाची, टेडी अस्वलाचं चित्र असलेली फाईल व्हायरस आहे, पुसा आणि सगळ्यांना कळवा, असा मेल आला होता. शोधली तर खरंच अस्वल! पुसली आणि ऑफिसात चाळीस जणांना पाठवला. ती विंडोजची स्वतःचीच फाईल होती, जावाच्या कामाची. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर असायचीच, म्हणून प्रत्येकाला मेल खरा वाटायचा.

शहापूरची_सून, ६.४४
फोटो सेव्ह करून गूगल लेन्सवर टाका. तोच फोटो आधी कुठं कुठं आलाय ते दिसतं.

खानापूरची_लेक, ६.५८
टाकला. काहीच मिळालं नाही. म्हणजे खरा?

शहापूरची_सून, ७.०१
नाही हो, तसं नसतं. फोटो बारीक झालेला असेल, कापलेला असेल, तर लेन्सला सापडत नाही. सापडला तर पुरावा, नाही सापडला तर काहीच नाही. आता मजकुरातलं एखादं वेगळं वाक्य उचलून दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा, मराठीतून आणि इंग्रजीतूनही.

निपाणीकर, ७.०५
एवढी खटपट कशाला? काहीच पुढं पाठवायचं नाही, हा एकच नियम ठेवा. जुलै २०१८ मध्ये आपल्याच राज्यात, बिदर जिल्ह्यातल्या मुरकीत, मुलं पळवणारे आलेत ह्या मेसेजवर विश्वास ठेवून जमावानं एका तरुणाला ठार मारलं. त्याच्या सोबतच्यांनी पोरांना चॉकलेट दिलं होतं, एवढंच. त्याच महिन्यात धुळ्याकडं राईनपाड्यात पाच जणांचा जीव गेला. तिथंही पाठवणाऱ्यांना वाटत होतं, आपण सावधच करतोय.

कृष्णाकाठ, ७.१३
निपाणीकर, तुमचं दुःख पटतं, पण नियम पटत नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर विसरलात? यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि कोल्हापूरचा रस्ता बंद झाला, तेव्हा आमच्या गल्लीत ते फॉरवर्डमधूनच कळलं. माझा मेव्हणा गाडी काढून बसला होता, थांबला. काहीच पाठवायचं नाही म्हटलं तर तेही थांबलं असतं.

निपाणीकर, ७.१७
त्याच आठवड्यात धरण फुटलं म्हणूनही आलं होतं की! माझी आई सत्तर वर्षांची, अंधारात जिना उतरताना पडली. ते कुणी तपासलं?

कृष्णाकाठ, ७.२०
म्हणूनच तर तपासायचं म्हणूलालोय मी. रस्त्याचा मेसेज आला तेव्हा मेव्हण्यानं आधी यमगर्णीच्या पाहुण्यांना फोन लावला. धरणाच्या वेळी कुणीच कुणाला लावला नाही.

सीमाभाग_५६, ७.२४
माझंही एक मागणं आहे. १ नोव्हेंबर जवळ आला की 'सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, बेळगाव महाराष्ट्रात' असले मेसेज कृपा करून फिरवू नका. महाराष्ट्राचा दावा २००४ सालचा. पुढची तारीख कधी, हे कोर्टाच्या साइटवर कुणालाही बघता येतं. आमच्या घरात तीन पिढ्या वाट बघतायत. माझ्या आजोबांनी असा मेसेज वाचून पेढे आणले होते. ते पेढे आम्ही परत कसे ठेवले, ते आमचं आम्हाला माहीत.

खानापूरची_लेक, ७.२६
वाईट वाटलं वाचून. पण माझा प्रश्न राहिला की. आप्पा पानावर बसले.

लॅबवाला, ७.३३
मी रक्ताच्या लॅबमध्ये काम करतो. ओ निगेटिव्ह आपल्याकडं कमी, पण त्याहून दुर्मिळ 'बॉम्बे' गट. १९५२ साली डॉ. भेंडे यांनी मुंबईत शोधला. साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, आणि त्या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. लोकांना हे माहीतच नसतं.

टिळकवाडी_जुना, ७.३६
माहिती चांगली आहे हो, पण तिला मेलचं सांगा.

लॅबवाला, ७.४२
सांगतो. खऱ्या मागणीत रुग्णाचं नाव, वॉर्ड, डॉक्टर, किती पिशव्या आणि तारीख असते. 'उद्या सकाळपर्यंत' म्हणजे कुठली सकाळ? तांबड्या पेशी फ्रिजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. रक्ताची गरज तासांची असते, ती वर्षभर फिरत नाही. दवाखान्याचं नाव असेल तर तिथल्या रक्तपेढीला फोन करा. कुठल्या पेढीत कुठला गट शिल्लक आहे ते सरकारच्या ई-रक्तकोशावर दिसतं. आणि त्या मेलमधल्या नंबरवर फोन केलात का?

खानापूरची_लेक, ७.४५
नाही. आप्पा म्हणाले, त्या आईबापाला आधीच टेन्शन असेल, त्रास नको द्यायला.

कृष्णाकाठ, ७.४७
अहो, ऐंशी जणांनी फोन केले तर त्रास नाही होणार? एकानं आधी करायचा.

टिळकवाडी_जुना, ७.४९
आणि मेल तळापर्यंत उघडा. कुणी कुणाला पाठवला त्याच्या ओळी एकाखाली एक साचलेल्या असतात. सगळ्यात खालची तारीख बघा.

खानापूरची_लेक, ८.२०
बघितलं. दोन-अडीचशे लोकांचे पत्ते, कुणाचे हुद्दे, कुणाचे घरचे नंबरसुद्धा, सगळं उघडं. खालची तारीख मार्च २०११. आणि तळाच्या मजकुरात गाव बेळगाव नाहीच, मिरज आहे! मध्ये कुणीतरी खोडून बेळगाव घातलंय. '५० पैसे' ही ओळ तर तिथं नाहीच, ती नंतर कुणीतरी जोडलीय.

फोन लावला. मुलाच्या काकांनी उचलला. मी 'रक्तासाठी' एवढंच म्हटलं, तर म्हणाले, 'ताई, पोरगा बरा आहे. ऑपरेशन तेव्हाच झालं. आता डिप्लोमाला जातो.' अजून महिन्याला दोन-चार फोन येतात त्यांना. नंबर बदलत नाहीत, कारण तेव्हा ज्यांनी खरंच रक्त दिलं त्यांच्याकडं हाच नंबर आहे.

स्पीकरवर होता. आप्पांनी हातातला घास खाली ठेवला.

शहापूरची_सून, ८.२४
म्हणजे मेल सुरुवातीला खराच होता!

खानापूरची_लेक, ८.३१
हो. मीही चुकलेच, मी सगळाच खोटा धरून बसले होते. पण एक अडचण आहे. दुपारीच बारा जणांना पाठवलाय म्हणे आप्पांनी, मला सांगितलं नव्हतं. आता?

टिळकवाडी_जुना, ८.३६
त्याच बाराजणांना लगेच दुसरा मेल. पत्ते 'बीसीसी' मध्ये घाला, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. जुना मजकूर सगळा काढून टाका, नाहीतर तोच परत फिरेल. तीन ओळी पुरेत: मेल २०११ चा आहे, मुलगा बरा आहे, त्या नंबरवर फोन करू नका.

खानापूरची_लेक, ८.५२
आप्पा स्वतःच टाईप करायलेत, मला हात लावू देत नाहीत. 'मुलगा बरा आहे' हे सगळ्यात आधी लिहिलंय. लॅबवाले दादा, ते विचारतायत, खरंच कुणाला हवं असेल तर मी देऊ का रक्त? ६८ वर्षांचे आहेत.

लॅबवाला, ८.५५
नाही चालणार, ६५ पर्यंतच घेतात. त्यांना माझा नमस्कार सांगा.

खानापूरची_लेक, ८.५७
मग मी येते. माझा बी पॉझिटिव्ह आहे, चालेल ना?

लॅबवाला, ९.०३
चालतो की! वजन ४५ किलोच्या वर हवं, हिमोग्लोबिन आम्ही तिथंच बघतो. आणि उपाशीपोटी येऊ नका.