स्पॅमअसॅसिन 3.4 वरून 4.0 वर जायला सगळेच का कचरतात?

प्रश्न: टपालखोली

आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर माझ्याकडे आहे. मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स, त्यामागे मेल तपासणीला देणारं अमाविस आणि त्यात स्पॅम ओळखणारा फिल्टर, स्पॅमअसॅसिन 3.4.2. आवृत्ती 4.0.0 डिसेंबर 2022 मध्येच आली, तरी आम्ही होतो तिथेच आहोत. पैसे लागत नाहीत, परवान्याची भानगड नाही, सोर्स समोर आहे. पण मेल सांभाळणाऱ्या ज्या कोणाला विचारावं तो म्हणतो, "चाललंय ना, मग हात कशाला लावायचा?"

हा आळस आहे असं मला वाटत नाही. हीच माणसं कर्नल आणि पोस्टफिक्सचे अपडेट वेळेवर टाकतात. मग स्पॅम फिल्टरपाशीच पाय का अडतो? आणि ज्यांनी उडी मारली, त्यांनी ती कशी मारली?

उत्तर: रांगेतली मेल

आम्ही डेबियन या लिनक्स वितरणाचं पॅकेज वापरतो. आकडा जुना दिसला तरी सुरक्षेचे पॅच ते लोक जुन्या आवृत्तीलाच लावून देतात. डेबियन 12 वर गेलो तेव्हा 4.0 सोबतच आलं. वेगळा अपग्रेड असा केलाच नाही. तुमचं 3.4.2 वितरणाच्या पॅकेजमधून आलंय की हाताने बसवलंय, ते आधी बघा. हाताने बसवलं असेल तर पॅच लावणारं तुमच्याशिवाय कोणी नाही.

उत्तर: रात्रपाळीचा पोस्टमास्टर

या प्रश्नावर मी बरीच वर्षं विचार केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पोस्टफिक्स बिघडलं की लगेच कळतं. रांग फुगते, फोन वाजू लागतात. फिल्टर बिघडला तर दोन गोष्टी होतात आणि त्यातली एकच दिसते. स्पॅम आत शिरला तर लोक ओरडतात. चांगली मेल अडली तर मात्र ओरडायला कोणी नसतं. पाठवणाऱ्याला वाटतं पोचली, आणि ज्याला मिळायची त्याला ती येणार होती हेच ठाऊक नसतं. निविदा गेली, नोकरीचं पत्र गेलं की तपासणीचा अहवाल गेला, हे कधीच समजत नाही. असा बिघाड आपल्या हातून होऊ नये म्हणून माणूस थांबतो. मी त्याला भित्रा म्हणणार नाही.

दुसरी अडचण लोकल.सीएफ या फाइलची, म्हणजे फिल्टरमधले स्वतःचे बदल जिथे लिहितात तिची. प्रत्येक नियमाला गुण असतात आणि बेरीज 5.0 झाली की मेल स्पॅम ठरते. मूळ गुण खऱ्या मेलच्या मोठ्या साठ्यावर तपासून, एकमेकांशी तोलून ठरवलेले असतात. तुमच्या आधीच्या कोणीतरी एका नियमाचा गुण 1.2 वरून 4 केला, तो त्या वेळच्या बाकीच्या गुणांकडे बघून. पुढे बाकीचे गुण बदलत गेले, तो 4 जागचा हलला नाही. का वाढवला होता, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. अपग्रेड करायचा म्हणजे आधी ही फाइल ओळीओळीने वाचायची, आणि नेमकं तेच काम अंगावर घ्यायला कोणी तयार नसतं.

जुनी फाइल तशीच ठेवणं सुरक्षित आहे असंही समजू नका. ओआरडीबी ही ब्लॉकलिस्ट, म्हणजे संशयास्पद सर्व्हरच्या पत्त्यांची यादी, डिसेंबर 2006 मध्ये बंद झाली. मार्च 2008 मध्ये तिच्याकडून प्रत्येक पत्त्यासाठी "हो, यादीत आहे" असं उत्तर यायला लागलं. ज्यांनी सेटिंगमधून ते नाव काढलं नव्हतं, त्यांच्याकडे चांगली मेलही अडकली.

तिसरं कारण प्रकल्पाच्या चालीतच आहे. 3.4.1 एप्रिल 2015 मध्ये आली आणि 3.4.2 थेट सप्टेंबर 2018 मध्ये. मधल्या काळात एसए-अपडेटने, म्हणजे फक्त नियम उतरवून घेणाऱ्या कमांडने, नवे नियम येत होतेच. त्यामुळे इंजिन जुनं असलं तरी फिल्टर ताजा राहतो, असा समज घट्ट बसला. त्याला आधारही होता. 1 जानेवारी 2010 ला काय झालं बघा. फार पुढची तारीख ओळखणारा एक नियम 2010 आणि पुढचं प्रत्येक साल भविष्यातलं समजत होता. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी साध्यासुध्या मेलना तीनच्या आसपास गुण जास्तीचे मिळू लागले. दुरुस्ती विकासाच्या शाखेत आधीच झालेली होती, पण वापरातल्या 3.2 च्या नियमांत ती पोचली नव्हती. मग ती एसए-अपडेटमधून सोडली गेली आणि ज्यांचं अपडेट चालू होतं ते सुटले. इंजिनला हात लावावा लागला नाही.

पण 1 मार्च 2020 ला त्या समजाला तडा गेला. त्या दिवसापासून नियमांच्या फायलींसोबत एसएचए-1 चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का, हे पडताळायचा आकडा) देणं बंद झालं. 3.4.2 च्या आधीच्या आवृत्त्यांना नवे चेकसम तपासता येत नव्हते, म्हणून त्यांचे नियम तिथेच गोठले. फिल्टर बंद पडला नाही. तो शिळ्या नियमांवर गुण देत राहिला. ठरल्या वेळी अपडेट चालवणाऱ्या क्रॉनने पाठवलेल्या एररच्या सूचना कोणी वाचत असेल तरच हे कळणार.

तुम्ही 3.4.2 वर आहात म्हणजे त्यातून वाचलात. पण सीव्हीई-2018-11805 या क्रमांकाने नोंदलेली सुरक्षेची त्रुटी तुम्हाला लागू आहे: नियमांच्या फाइलमधूनच सर्व्हरवर कमांड चालवता येते. ते भोक 3.4.3 मध्ये, डिसेंबर 2019 ला बुजवलं गेलं. स्पॅमअसॅसिन प्रकल्पाबाहेरच्या कोणाकडून नियम घेत असाल आणि वितरणाने पॅच दिला नसेल, तर माझ्या मते वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता कसं करायचं ते. नवी आवृत्ती वेगळ्या मशीनवर बसवा. पोस्टफिक्सच्या ऑलवेज_बीसीसी सेटिंगने येणाऱ्या मेलची एक प्रत तिकडे वळवा. तिथे फक्त गुण मोजायचे, पुढे काहीही पोचवायचं नाही. आपले सर्व्हर कुठले हे फिल्टरला सांगणाऱ्या ट्रस्टेड_नेटवर्क्स आणि इंटर्नल_नेटवर्क्स या सेटिंगमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता घालायला विसरू नका. नाहीतर प्रत्येक मेल तुमच्याच सर्व्हरवरून आली असं दिसेल आणि ब्लॉकलिस्टचे गुण निरर्थक होतील. साठवलेल्या जुन्या मेलवर चाचणी करण्यापेक्षा हे बरं, कारण महिन्याभरापूर्वी जो पत्ता यादीत नव्हता तो आज असू शकतो.

मग दोन्हीकडचे गुण शेजारी शेजारी ठेवा. 2.1 चे 2.6 झाले तर सोडून द्या. ज्या मेलनी 5 ची रेघ ओलांडली, इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे, तेवढ्याच उघडून बघा. लोकल.सीएफमधली कुठली ओळ अजून कामाची आहे, ते तिथे दिसतं.

उत्तर: लुआप्रेमी

आम्ही आरस्पॅमडी या दुसऱ्या स्पॅम फिल्टरवर गेलो. स्वतःचे बदल लोकल.डी या फोल्डरमध्ये राहतात, मूळ फायलींना हात लावावा लागत नाही, म्हणून पुढचे अपग्रेड सोपे जातात. पण बेझला, म्हणजे आधीच्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या भागाला, पुन्हा शिकवावं लागलं आणि गुणांची सगळी पद्धत नव्याने समजून घ्यावी लागली. एका आवृत्तीला घाबरणाऱ्याने थेट सॉफ्टवेअरच बदलावं, असं मी सुचवणार नाही.

टपालखोली

पोस्टमास्टर, मनापासून आभार. आमचं 3.4.2 हाताने बसवलेलं आहे, आत्ताच पाहिलं. एकच शंका राहते. आमचा बेझचा साठा फार जुना आहे आणि बरीच मेल रोमन नसलेल्या लिपीत येते. तो साठा 4.0 मध्ये चालेल? की शून्यापासून सुरुवात?

रात्रपाळीचा पोस्टमास्टर

शून्यापासून नको. बेझला शिकवणाऱ्या एसए-लर्न या कमांडच्या बॅकअप पर्यायाने साठा टेक्स्ट फाइलमध्ये काढा आणि नव्या मशीनवर रिस्टोअर करा. त्या फाइलमध्ये शब्द वाचता येणार नाहीत, टोकन (मेलमधून घेतलेले शब्द) हॅश करून, म्हणजे सांकेतिक आकड्यांत बदलून ठेवलेले असतात. ते बघून गोंधळू नका.

लिपीबद्दल तुमची शंका रास्त आहे. 4.0 मध्ये नॉर्मलाइझ_चारसेट ही सेटिंग मुळातच चालू असते, म्हणजे मजकूर आधी यूटीएफ-8 या सगळ्या लिपींसाठीच्या एन्कोडिंगमध्ये आणला जातो. तुमची मेल आधीपासून यूटीएफ-8 असेल तर फारसा फरक पडणार नाही. दुसऱ्या एन्कोडिंगमधून येणाऱ्या मेलचे जुने टोकन मात्र नव्याशी जुळणार नाहीत, तेवढी मेल पुन्हा शिकवावी लागेल. कोणी बाइट मोजून हाताने लिहिलेले नियम असतील तर तेही एकदा तपासा.

लोकल.सीएफमधल्या व्हाइटलिस्ट (नेहमी येऊ द्यायचे) आणि ब्लॅकलिस्ट (नेहमी अडवायचे) या ओळींची आता वेलकमलिस्ट आणि ब्लॉकलिस्ट अशी नावं झाली आहेत. जुनी नावं निदान 4.1 येईपर्यंत चालतील, त्यामुळे आत्ता बदलायची घाई नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवा. आणि साठ्याची प्रत काढून झाली की दोन्ही मशीनवर ऑटोलर्न, म्हणजे बेझचं आपोआप शिकणं, बंद करा. नाहीतर दोन्हीकडचे साठे वेगळे होत जातील आणि गुणांमधला फरक आवृत्तीमुळे आहे की शिकवण्यामुळे, ते सांगता येणार नाही.

टपालखोली

ठीक. या आठवड्यात दुसरं मशीन उभं करतो आणि बीसीसी चालू करतो. रेघ ओलांडणाऱ्या मेल किती निघतात ते इथेच कळवेन.