वस्तऱ्यानं दाढी : गालावर मस्त, मानेवर जळजळ. धार कमी पडतीय का हात? मदत हवी आहे

मंडळी, दाढीचा विषय आहे, हसू नका. मी जुळे सोलापूरला राहतो, दाढी दाट आणि राठ. सध्या वस्तऱ्यानं दाढी करायला शिकतोय, म्हणजे सलूनमध्ये अर्धं ब्लेड मोडून घालतात तो नाही, जुना दुमडायचा, ज्याला दगडावर धार लावावी लागते तो. आमच्या ओळखीच्या सलूनवाल्या कारागिरांच्या धोकटीत पडून होता, पात्यावर सोलिंगेन, जर्मनी असं कोरलेलं आहे. ते म्हणले आता प्रत्येक गिऱ्हाईक डोळ्यांदेखत नवीन ब्लेड टाकायला लावतं, हा कोण वापरणार, घेऊन जा.

तर गालावर एकदम झकास दाढी होते, कानापासून जबड्यापर्यंत पातं सुळकन जातं. पण हनुवटी आली की अडकतं, आणि मानेवर तर विचारू नका, केस ओढल्यासारखे होतात, नंतर दिवसभर कॉलर लागली तरी आग होते. कापत नाही कुठं, रक्त नाही, पण खुंट राहतात आणि लाल पुरळ येतं. व्हिडिओ भरपूर बघितले, सगळे गोरे लोक, त्यांचा फेस बघा कसा आइस्क्रीमसारखा उभा राहतो, माझा हनुवटीपर्यंत पोचेस्तोवर वाळून पापडी होते.

दगड १००० आणि ६००० असा दोन बाजूंचा आहे (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). चामड्याचा पट्टा म्हणून जुना कमरेचा बेल्ट दाराच्या कडीला अडकवून त्यावर घासतो. आता मला कळंना की प्रॉब्लेम धारेचा आहे, हाताचा आहे का साबणाचा. सगळंच एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही, म्हणून आधी काय तपासू ते सांगा. आणि कृपया "ट्रिमर घे" असं सांगू नका, ते घरातले रोज सांगतात.

प्रतिसाद :
ट्रिमर घे बे. 😄 गंमत केली. फेस वाळतोय ना, मग पहिलं पंखा बंद कर. एप्रिलमध्ये आपल्याकडं चाळीसच्या वर जावालंय, त्यात डोक्यावर पंखा फुल्ल, फेस टिकणार कसा? आणि पाणी कुठलं वापरालास, बोरचं का नळाचं?

धागाकर्ता :
बोरचं. नळाला पाणी येतं त्या दिवशी पिण्याचं भरून ठेवतो, दाढीला कोण वापरणार ते.

प्रतिसाद :
अहो मग अर्धं उत्तर इथंच मिळालं. मी मूळचा सोलापूरच्या बाळीवेशीतला, नोकरीमुळं बाहेर असतो, पण बरीच वर्षं वस्तराच वापरतो. सुट्टीला घरी आलो की तोच साबण, तोच ब्रश, पण फेस खाली बसतो. बोरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, ते साबणाशी जुळून न विरघळणारा चोथा तयार करतात, बादलीच्या कडेला पांढरी रेघ जमते ना तोच. म्हणजे साबण फेस करायच्या आधीच खर्ची पडतो. पिण्याच्या पाण्याची कठीणता २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावी असं भारतीय मानक म्हणतं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतं, बोरचं पाणी त्याच्याही पुढं जाऊ शकतं. उपाय सोपा, कपभर आरओ फिल्टरचं पाणी घ्या, ब्रश त्यातच भिजवा, फेस त्यातच करा. तोंड धुवायला बोरचं चालेल. फेसात पाणी थोडं थोडं घालत जा, चकाकी आली पाहिजे, नुसता पांढरा फुगलेला दिसतो तो कोरडा असतो. आणि एका वेळी एकाच गालाला लावा, सगळ्या तोंडाला फासून बसू नका.

आता धार. गालावर नीट चालतंय म्हणून धार चांगली आहे असं धरू नका, गालावरचे केस मऊ, तिथं कशानंही भागतं. हनुवटी म्हणजे खरी परीक्षा. ६००० वर धार बसते पण चेहऱ्याला जरा खरखरीत लागते, माझ्या मते ८००० पर्यंत तरी जायला हवं, १२००० मिळाला तर सोन्याहून पिवळं. दगडावर पातं पूर्ण आडवं ठेवायचं, जाड पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, पाठच कोन ठरवते. सुरीसारखी पाठ उचलून घासली की धार गेली म्हणून समजा.

पट्ट्यावर मात्र दगडाच्या उलट्या दिशेनं, पाठ पुढं, धार मागं. वळवताना पाठीवरून वळवा, धारेवरून वळवलं तर पट्टाही कापेल. पट्टा ताणून धरा, सैल पडला तर धार गोल होते. आणि तो कमरेचा बेल्ट काढा बुवा, त्याला वरून रंगाचा थर असतो, कडेला शिवण असते. चपला करणाऱ्याकडं जा, कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं, त्यातला पातळ सपाट तुकडा मागा, दोन बोटांपेक्षा जरा रुंद. प्रत्येक दाढीआधी चाळीस-पन्नास फेऱ्या, अजिबात दाब न देता.

धागाकर्ता :
काका, खूप आभार. फिल्टरचं पाणी करून बघितलं, फेस खरंच टिकला, पंखा बंद करून घामाघूम झालो ते वेगळं. हनुवटी बरीच सुधारली. मान अजून तशीच आहे. दाढी झाल्यावर तुरटी फिरवली तर गालावर काही नाही, मानेवर डाव्या बाजूला मात्र झोंबतं.

प्रतिसाद :
तुरटी बरोबर सांगतीय. जिथं झोंबतं तिथं कातडी खरवडली गेलीय, म्हणजे तिथं कोन चुकतोय नाहीतर दाब पडतोय. पातं कातडीपासून साधारण तीस अंशांवर ठेवायचं. मानेवर आरशात वर बघताना मनगट वळतं आणि हा कोन नकळत वाढतो. डावी बाजू उजव्या हातानं करताय का? मग हात तोंडावरून पलीकडं जातो आणि कोन हमखास बिघडतो. डाव्या हातानं शिका, सुरुवात गालापासून करा, मानेवर लगेच नको.

दुसरं, एक दिवस दाढी वाढू द्या आणि मानेवर बोट फिरवून बघा केस कुठल्या दिशेला आडवे आहेत. बऱ्याच जणांचे मानेवर खालून वर उगवतात, काहींचे भोवऱ्यासारखे फिरतात. तुम्ही वरून खाली ओढताय आणि तुम्हाला वाटतंय सुलटी चाललीय, पण तिथं ती उलटी असू शकते. केसांच्या दिशेनं एक हात, म्हणजे एकदा पातं फिरवायचं, मग पुन्हा फेस लावून आडवा एक हात, बास. मानेवर उलटा हात पुरळ पूर्ण जाईपर्यंत बंद. आणि दुसऱ्या हातानं कातडी ताणा, कॉलरच्या हाडाजवळ बोटं ठेवून खाली ओढा, फेसानं बोटं घसरत असतील तर तिथंच कोरडी तुरटी चोळा, पकड येते.

प्रतिसाद :
आणि दाढी झाली की पातं पुसून कोरडं कर बे, बोरच्या पाण्याचे डाग पडतेत आणि जुनं पोलाद लवकर गंजतंय. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लाव. बाथरूममध्ये ठेवू नको.

धागाकर्ता :
केस बघितले, डाव्या बाजूला कानाकडं आडवे उगवतात, वर नाही खाली नाही! त्या दिशेनं उजव्या हातानं जमतच नाही, म्हणून डाव्या हाताचा सराव सुरू केलाय, सध्या फक्त गालावर. ८००० चा दगड ऑनलाइन मागवलाय. सोलापुरात कुठं प्रत्यक्ष बघून घेता येतो का, कोणाला माहीत असेल तर सांगा, पुढच्या वेळी १२००० चा तिथूनच घेईन.