यार्डातच फिरणाऱ्या ट्रेलरला टॅक्स लागतो का?

दहाचाकी_वडाळा: मंडळी एक विचारायचंय. मामाचे दोन ट्रेलर दीड वर्ष झालं एका बंद यार्डातच आहेत, गेटबाहेर पडतच नाहीत, कॉइल इथून उचला तिथे ठेवा एवढंच काम. परवा व्हॉट्सॲपवर आलं की सुप्रीम कोर्टाने असल्या गाड्यांचा टॅक्स माफ केला, तेव्हापासून मामा म्हणतोय पुढचा टॅक्स भरायचाच नाही. खरंय का?

कळंबोलीकर: केस खरी आहे, माफी वगैरे नाही. विशाखापट्टणमच्या स्टील प्लांटमध्ये ताराचंद लॉजिस्टिकच्या ३६ गाड्या आतल्या आत चालायच्या, आंध्र सरकारने टॅक्स घेतला, हे गेले कोर्टात. हायकोर्टात आधी जिंकले, मग अपिलात हरले, शेवटी ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने यांच्या बाजूने निकाल दिला. २२,७१,७०० रुपये परत. भिंत आहे, गेट आहे, कोणीही उठून आत जाऊ शकत नाही, म्हणजे ती सार्वजनिक जागा नाही, असं.

दहाचाकी_वडाळा: अरे मग आमचं सेमच की! वॉचमन तर मला पण पासशिवाय सोडत नाही.

कोर्टकारकून: थांबा जरा. आंध्रच्या १९६३ च्या कायद्यात 'सार्वजनिक ठिकाणी' वापरलेली किंवा वापरायला ठेवलेली गाडी असे शब्द आहेत, अख्खी केस त्या दोन शब्दांवर फिरली. आपल्या १९५८ च्या कायद्यात आहे 'राज्यात' वापरलेली किंवा वापरायला ठेवलेली. आता यार्डाला भिंत असो नाहीतर तटबंदी, यार्ड महाराष्ट्रातच आहे ना? ट्रान्सपोर्टवाले टॅक्सविरुद्ध कोर्टात जायचं आजचं नाही हो, राजस्थानच्या टॅक्सविरुद्ध घटनेचं ३०१ कलम (देशभर मोकळेपणाने व्यापार-वाहतूक करता यावी हे सांगणारं) घेऊन गेले होते, १९६२ ला निकाल लागला की रस्ता वापरता तर त्याचे पैसे द्या. तिथून आजपर्यंत सगळी लढाई शब्दांचीच आहे.

कळंबोलीकर: +१. आणि कोणी एजंट नॉन-यूज, म्हणजे गाडी वापरातच नाही असं, दाखवा म्हणाला तर ऐकू नका, गाडी आत का होईना चालतेय, पकडले गेलात की झालं. माझी गाडी इंजिनचं काम निघून चार महिने गॅरेजला उभी होती, खरोखरची उभी, बोनेटवर मांजर व्यायली होती, पण नॉन-यूज आधी कळवायचं राहिलं आणि सगळा टॅक्स व्याजासकट भरला.

दहाचाकी_वडाळा: मामाला वाचून दाखवलं. आधी मांजरीला किती पिल्लं झाली ते विचारलं, मग म्हणाला सोमवारी भरतो.